किनारा, काटा आणि कॅलेंडर

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९२२ च्या जून महिन्यातलं एक छायाचित्र आहे. वॉशिंग्टनमधल्या टायडल बेसिनच्या काठावर पोहण्याच्या पोशाखातली एक तरुणी उभी आहे. तिच्या पायाशी वाकलेला बिल नॉर्टन नावाचा शिपाई हातात टेप घेऊन तिच्या गुडघ्यापासून पोशाखाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतोय. ते सहा इंचांहून जास्त भरता कामा नये, असा कर्नल शेरिल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचा हुकूम होता. आज हे चित्र पाहून हसू येतं. पण पुढच्या काही वर्षांत गुडघ्याजवळची ती टेप गेली आणि कंबरेभोवती आली, आणि ती धरायला शिपायाची गरज उरली नाही. ज्याची त्यानं, त्याहून जास्त जिची तिनं, ती स्वतःच धरली. समुद्रावर सुट्टीला जाण्याआधी अमुक किलो उतरवायचे, पोट सपाट करायचं, दंड ‘टोन’ करायचे, ही चाल त्यातूनच आली. ती फार जुनी नाही, जेमतेम शंभर वर्षांची आहे.

तिच्या जन्मवेळी हॉटेलवाले हजर होते. अटलांटिक सिटी हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव. सप्टेंबर उजाडला, शाळा उघडल्या की पाहुणे पांगायचे आणि खोल्या रिकाम्या पडायच्या. मोसम आणखी थोडे दिवस ओढावा म्हणून १९२१ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या व्यावसायिकांनी एक सोहळा केला आणि त्यात सुंदरींची स्पर्धा ठेवली. ती जिंकली वॉशिंग्टनच्या सोळा वर्षांच्या मार्गारेट गॉर्मननं. पुढे तिलाच पहिली ‘मिस अमेरिका’ म्हणू लागले. उंची पाच फूट एक इंच, वजन १०८ पौंड, म्हणजे ४९ किलो. लक्षात घ्यायचं ते हे, की तिचे आकडे वर्तमानपत्रांतून घराघरांत गेले. तोवर बाईचं वजन हा वैद्याचा किंवा फार तर शिंप्याचा विषय होता.

त्याआधी दीडशे वर्षं लोक समुद्रावर जात होते ते दिसायला नव्हे, बरे व्हायला. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ब्राइटन नावाच्या कोळीवाड्याचं नशीब पालटलं. रसेलसाहेब रोग्यांना नुसती डुबकी मारायला सांगून थांबत नसत, खारं पाणी प्यायलाही लावत. चाकांची लाकडी खोली घोड्यानं पाण्यात ओढत न्यायची, आत बाईनं कपडे बदलायचे, पायऱ्यांनी उतरायचं आणि खाली उभ्या असलेल्या दणकट बाईनं तिला धरून लाटेत बुचकळायचं, असा तो कार्यक्रम असे. बुचकळणाऱ्या बायांत ब्राइटनची मार्था गन एवढी गाजली, की तिची चित्रं विकली जात. १७८९ मध्ये राजा तिसरा जॉर्ज वेमथला समुद्रात उतरला, तेव्हा शेजारच्या दुसऱ्या चाकाच्या खोलीतून वादकांनी राष्ट्रगीत वाजवलं. राजाच्या पोटाचा घेर मोजावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

उलट, क्षयाच्या त्या काळात बारीक होणं हीच भीतीची गोष्ट होती. समुद्रकाठच्या किंवा डोंगरावरच्या आरोग्यधामात रोग्याचं वजन वाढलं की उपचार लागू पडतोय असं समजत. हवापालट करून माणूस ‘भरून’ आला की घरचे खूश. आपल्याकडेही सुट्टीहून परतलेल्या पोराच्या गालांवरून हात फिरवणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांचं म्हणणं वैद्यकाच्या त्या जुन्या पानावरचंच आहे.

वजनाचा काटा तेव्हा घरात नसे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर बेरी नावाचं दुकान आहे. मूळ धंदा कॉफीचा, पुढे मद्याचा. तिथे पोती तोलायच्या भल्या मोठ्या तराजूवर बडी गिऱ्हाइकं हौसेनं बसत, आणि त्यांची वजनं १७६५ पासून चोपड्यांत उतरवून ठेवली जात. कवी बायरनचं नाव त्या चोपड्यांत आहे. १८०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो १३ स्टोन १२ पौंड, म्हणजे ८८ किलो भरला होता. मग त्यानं थरावर थर लोकरी कपडे घालून क्रिकेट खेळून घाम काढला, पुढे बटाटे आणि व्हिनेगरवर दिवस ढकलले, आणि पाच वर्षांत कित्येक किलो उतरवले. हे सगळं कवी म्हणून फिकट, झुरलेलं दिसण्यासाठी. खाण्याशी त्याची ही झटापट जन्मभर चालू राहिली. आजच्या झटपट डाएटचा खरा मूळपुरुष शोधायचा तर तोच.

त्याच्या अगदी उलट प्रकृतीचा माणूस म्हणजे विल्यम बँटिंग. हा लंडनचा प्रतिष्ठित अंत्यसंस्कार-व्यावसायिक. राजघराण्यातले मृतदेह याच घराण्याच्या शवपेट्यांतून गेले, ड्यूक ऑफ वेलिंग्टनही. बँटिंगची उंची पाच फूट पाच इंच. ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याचं वजन २०२ पौंड भरलं, म्हणजे साडेएक्याण्णव किलोंच्या वर. बुटाचे बंद बांधता येत नसत. जिना उतरायचा तर गुडघ्यांवर भार नको म्हणून उलटं, पाठमोरं उतरावं लागे. उपाय त्यानं थोडे केले नव्हते. पहाटे थेम्सवर दोन-दोन तास जड नाव वल्हवली. त्यानं भूक अशी खवळली, की होतं त्यापेक्षा वजन वाढलं. घोडेस्वारी झाली, तुर्की स्नानं झाली, गावोगावच्या झऱ्यांचं पाणी पिऊन झालं. समुद्राची हवा आणि समुद्रस्नानही झालं. काटा जिथल्या तिथे.

शेवटी बहिरेपणाची तक्रार घेऊन तो विल्यम हार्वी या कानाच्या शल्यवैद्याकडे गेला. हार्वींनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकलेली होती. त्यांनी दुखणं कानाचं नसून चरबीचं आहे असं ठरवलं आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद केले. मांस, मासे, भाज्या आणि थोडा टोस्ट चालू. क्लॅरेट नावाची तांबडी वाइन दुपारी दोन-तीन प्याले, हीदेखील पथ्यातच! सप्टेंबर १८६३ मध्ये बँटिंग १५६ पौंडांवर आला. ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो उतरले. कंबर सव्वाबारा इंचांनी आत गेली. जिना तो इतरांसारखा तोंड समोर करून उतरू लागला. मग त्यानं हा सगळा अनुभव पुस्तिकेत छापून आधी फुकट वाटला. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

डॉक्टरमंडळी त्याच्यावर तुटून पडली. आहाराचा तो नेमका कागद आज कुणी डोळे मिटून पाळावा असाही नाही. पण त्याच्या हिशेबातली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. हे २१ किलो उतरायला वर्षाहून थोडे दिवस जास्तच लागले. भागाकार केला तर आठवड्याला चारशे ग्रॅमसुद्धा पडत नाहीत. त्याला कुठल्या किनाऱ्यावर कुठल्या तारखेला पोहोचायचं नव्हतं, बूट बांधायचे होते.

तारीख आली ती पगारी सुट्टीबरोबर. श्रीमंताला समुद्र केव्हाही मोकळा होता. गिरणीतल्या किंवा कचेरीतल्या माणसाला वर्षातला एकच आठवडा मिळे, तोही आधी ठरलेला. फ्रान्समध्ये १९३६ साली दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळाली आणि आगगाड्या भरभरून लोक किनाऱ्यांकडे निघाले. त्याच वर्षी बिली बटलिननं इंग्लंडच्या स्केग्नेसला स्वस्तातली सुट्टीची वसाहत उघडली. १९३८ मध्ये ब्रिटिश संसदेनं पगारी सुट्टीचा कायदा केला. आठवडा ठरला की त्याच्या आधीचे आठवडे मोजता येतात, आणि मोजता आलेले आठवडे विकता येतात.

मोजण्याचं दुसरं साधन एव्हाना तयार होतं. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये कॅलरींवर पुस्तक लिहिलं. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी म्हणा, असा त्यांचा खाक्या. बाई स्वतः एकेकाळी शंभर किलोंच्या आसपास होत्या, त्यामुळे भाषा प्रवचनाची नव्हती, चेष्टेची होती. पुस्तक विसाच्या दशकात वर्षानुवर्षं खपाच्या यादीत राहिलं. मध्यमवर्गीय बाईच्या ताटात आकडे शिरले ते तेव्हा.

१९३८ या सालाशी जरा थांबायला हवं, कारण त्यात मराठी माणसाचाही हात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडोच्या व्यायामाचे भक्त होते. हा जर्मन पहिलवान लंडनमध्ये राहून शरीरसौष्ठवाचा जगभर व्यापार करी. १९०४-०५ च्या दौऱ्यात तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला अजून त्याचंच नाव आहे. भवानरावांनी त्याची साधनं आणि पुस्तक मागवून सुमारे दहा वर्षं मेहनत केली. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळाशाळांत त्यांनी ते सुरू केले. लंडनच्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी राजेसाहेबांशी बोलून त्यांची पद्धत इंग्रजी वाचकांसाठी संपादित केली आणि १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनानं ती पुस्तकरूपानं छापली. आपल्याकडे पहाटे मंत्र म्हणत घातला जाणारा नमस्कार लंडनच्या पुस्तकांच्या दुकानात आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग म्हणून मांडला गेला. भवानरावांचा आग्रह रोजच्या नेमावर होता. सुट्टीपुरता नमस्कार ही कल्पना त्यांना पटली नसती.

हे बीज तिथे पडायला जमीन भुसभुशीत होती. मेरी बॅगट स्टॅक या बाई गोरखा पलटणीतल्या अधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून हिंदुस्थानात राहिल्या होत्या आणि इथे त्यांनी आसनं पाहिली, शिकली. १९३० मध्ये त्यांनी लंडनला स्त्रियांसाठी आरोग्य आणि सौंदर्याचा संघ काढला. टंकलेखक, दुकानातल्या विक्रेत्या मुली संध्याकाळी पांढरा ब्लाउज आणि काळी आखूड चड्डी घालून तालासुरात व्यायाम करत. दहा वर्षांच्या आत सभासद दीड लाखांवर गेल्या. वर्गणी मुद्दामच कमी ठेवलेली. तिथे वजनापेक्षा ताठ चालणं, मोकळा श्वास यांना मान होता, हे त्या संघाच्या बाजूनं सांगायला हवं.

आणि त्याच १९३८ मध्ये इकडे मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ हा चित्रपट लागला. लेखन आचार्य अत्र्यांचं. नायक औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, जोर-बैठका काढू लागतो. आणि पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणत मीनाक्षी शिरोडकर त्याचा निश्चय पाण्यात बुडवते. प्रेक्षक त्या एका गाण्यासाठी पुन्हा पुन्हा गेले, सनातन्यांनी तोंडसुख घेतलं. त्या पोशाखाच्या आधी तिनं किती किलो कमी केले, असा प्रश्न मात्र त्या वादात कुठेच नव्हता. नीतीची टेप होती, काट्याची नव्हती. महाराष्ट्रात काटा फार उशिरा आला, आणि तो समुद्रामुळे कमी, लग्नाच्या फोटोंमुळे जास्त.

पुरुषांची कथा निराळी. त्यांना किनाऱ्यावर बारीक नव्हे, मोठं दिसायचं होतं. इटलीत जन्मून ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या अँजेलो सिचिलियानोनं चार्ल्स अॅटलस हे नाव घेतलं आणि टपालानं व्यायामाचे धडे विकले. त्याच्या जाहिरातीची चित्रकथा जगभरच्या कॉमिक्समधून पोहोचली. किनाऱ्यावर मैत्रिणीबरोबर बसलेला ९७ पौंडी, म्हणजे ४४ किलोंचा काटकुळा तरुण. एक दांडगट येऊन तोंडावर वाळू उडवतो. तरुण घरी जाऊन धडे मागवतो, परत येऊन दांडगटाला ठोसा देतो. मधले महिने एका चौकटीत संपतात! सात दिवसांत फरक दाखवतो, हेही त्या जाहिरातींत असे. त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या धक्क्याजवळ ‘मसल बीच’ भरू लागला. तिथली मंडळी शनिवार-रविवारी प्रेक्षकांपुढे मनोरे रचत. अॅबी स्टॉकटन ही चणीनं लहानखुरी बाई वजनं उचलून दाखवी, तेही बाईनं वजन उचललं तर ती पुरुषी होते असं डॉक्टर सांगत होते त्या काळात. त्यांची शरीरं मोसमापुरती नव्हती, वर्षानुवर्षांच्या सरावाची होती. बघणाऱ्याला मात्र वाळूवरचा रविवारच दिसे.

५ जुलै १९४६ ला पॅरिसच्या मोलिटॉर तरणतलावावर लुई रेआर यानं चार तिकोनी तुकड्यांचा पोशाख दाखवला. रेआर हा मुळात मोटारींचा अभियंता, आईचं अंतर्वस्त्रांचं दुकान सांभाळणारा. चारच दिवस आधी अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अणुबाँबची चाचणी केली होती, ते नाव यानं उचललं. नेहमीच्या मॉडेल तयार होईनात, म्हणून कॅसिनो द पारीमधली नर्तकी मिशलीन बेर्नार्दिनीला त्यानं उभं केलं. कापडावर वर्तमानपत्राचे मथळे छापलेले. पोशाख बराच काळ अनेक किनाऱ्यांवर बंदीत राहिला. पण तो रुळला तसं त्याच्या आत मावणाऱ्या शरीराची विक्री सुरू झाली. १९६१ मध्ये स्लेंडरेला या अमेरिकी सलॉनच्या साखळीनं जाहिरातीत ‘बिकिनी बॉडी’ हा शब्द वापरला. सलॉनमध्ये करायचं काय, तर थरथरणाऱ्या पलंगावर आडवं व्हायचं. घाम नाही, दम नाही. पलंग थरथरतो, चरबी जाते!

ती जात नाही, हे विज्ञानानं पुढे सावकाश सिद्ध केलं. पण त्याआधी विज्ञानानंही एक सोपा आकडा देऊन घोटाळा केला होता. १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी असा हिशेब मांडला. रोज पाचशे कमी खा, आठवड्याला एक पौंड घटेल, हे गणित मासिकांना फार आवडलं, कारण ते कॅलेंडरवर मांडता येतं. शरीर मात्र असं सरळ रेषेत चालत नाही. वजन घटतं तसा शरीराचा खर्चही घटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की आहारात कायमची कपात केली तर तिचा निम्मा परिणाम दिसायला साधारण एक वर्ष लागतं आणि पुरता दिसायला तीन. पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झपकन जातात त्यांत पाणीच जास्त असतं. यकृतात-स्नायूंत साठवलेल्या एक ग्रॅम साखरेबरोबर शरीर तीनएक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की ते पाणी जातं, आणि सुट्टीतल्या दुसऱ्या दिवशी फिश-करी-राइसबरोबर परत येतं.

उपाशी राहिलं तर काय होतं, तेही ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन चौथ्या हिश्शानं घटलं. तरुण चिडचिडे झाले, थंडीनं कुडकुडू लागले, पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. बंदी उठल्यावर खाणं आवरेना. त्यांचा आहार होता दिवसाला सुमारे १६०० कॅलरी. आज आठवड्यात चार किलोंचं आश्वासन देणारे कागद याहूनही कमी सांगतात.

‘टोनिंग’चं गौडबंगालही असंच. पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जाईल, ही समजूत पक्की आहे. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात तपासले गेले. खेळणाऱ्या हाताचा स्नायू मोठा, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडे सारखीच. १९८४ च्या एका प्रयोगात २७ दिवसांत प्रत्येकाकडून ५००४ बैठका काढून घेतल्या, त्याही उताण्या झोपून उठण्याच्या, पोटावर ताण देणाऱ्या. पोटाच्या चरबीत इतर जागांपेक्षा वेगळी घट झाली नाही. स्नायू वाढतो, चरबी घटते. तिसरं काही नसतं. आणि स्नायूची वाढ नजरेला दिसायला नेमानं व्यायाम करून दोन-तीन महिने लागतातच.

भारतीयांसाठी काटा आणखी फसवा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका एकच होता, २२.३. तपासल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दोघांनी आपले फोटो शेजारी शेजारी लावून २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापलं. म्हणजे दिसायला सडसडीत असलेल्या मराठी माणसानं किलोंपेक्षा कंबरेची टेप जास्त मानावी. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, याच्या आत.

२०१५ च्या वसंतात लंडनच्या भुयारी रेल्वेत पिवळ्या रंगाची एक जाहिरात झळकली. बिकिनीतली मॉडेल, आणि तुमचं शरीर किनाऱ्यासाठी तयार आहे का, अशा अर्थाचा सवाल. विकायची होती प्रथिनांची पावडर. लोकांनी फलकांवर खरडून उत्तरं दिली, हजारोंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. जाहिरात-नियामक संस्थेनं वजन घटवण्याच्या दाव्यांवरून ती पुन्हा त्याच रूपात लावायला मनाई केली, मात्र ती बेजबाबदार नाही असाही निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी महापौर सादिक खान यांनी शरीराबद्दल न्यूनगंड देणाऱ्या जाहिराती शहराच्या वाहतुकीतून हद्दपार केल्या. अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला पंजाबी ड्रेसमध्ये आणि गुडघ्यापर्यंत पँट दुमडून लाटा अंगावर घेणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा सवाल अजून कुणी इतक्या धीटपणे विचारलेला नाही. गोव्याच्या फोटोंसाठी मोबाइलवर मात्र तो रोज विचारला जातो.

नाताळात गोव्याची तिकिटं काढलेल्यांनी हिशेब साधा ठेवावा. आठवड्याला अर्धा किलो हा आपल्या आहारतज्ज्ञांनी सुरक्षित मानलेला वेग आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागलात तर बारा आठवड्यांत पाच-सहा किलो उतरतील, मध्ये दिवाळी आहे हे धरून चार म्हणा. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलली किंवा जोर-बैठका काढल्या, तर खांदे आणि मांड्या थोड्या घट्ट लागतील. मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. आणि तिकीट दोनच आठवड्यांवर आलं असेल, तर जेवण जपा, रोज चाला, आणि अंगाला बसणारा पोशाख विकत घ्या.